परत आलेली डबी

४ मार्च

एकटं माणूस स्वतःशी बोलायला लागलं की लोक वळून बघतात. वहीशी बोललं तर कोणी काही म्हणत नाही. म्हणून ही वही. शिवाय कामाची नोंदही राहील, हे आपलं सांगायला.

काम म्हणजे जुन्या मोटरसायकलींच्या मेलेल्या डब्या. मिस्त्री लोक त्यांना सीडीआय म्हणतात, मी डबी म्हणते. काळी, मुठीत मावणारी, सीटखाली दडलेली. इंजिनला वेळेवर ठिणगी द्यायची, एवढंच तिचं काम. ती गेली की किका मारा नाहीतर शिव्या द्या, गाडी ढिम्म. जुन्या गाड्यांच्या डब्या आता कोणी बनवत नाही, आणि आतले भाग झाकायला ओतलेला मसाला दगडासारखा कडक असतो, तो कोरून काढायचा म्हणजे बोटांची साल निघते. म्हणून या भानगडीत कोणी पडत नाही. मी पडले. टीव्हीच्या कारखान्यात निम्मं आयुष्य मी दुसऱ्यांचे सोल्डरचे टाके तपासत बसले. कारखाना बंद पडला, पण चुका शोधायची डोळ्यांची सवय काही बंद पडली नाही.

धाकटी जानेवारीत लग्न करून गेली. चाळिशी उलटल्यावर. "या वयात?" असं मी एकदाच म्हटलं, तर तिने तोंड फिरवलं ते आठवडाभर. निघताना म्हणाली, "ताई, माझ्या घरी आलीस तर तपासणी करायची नाही हं." मी हसले. ती हसली नाही, पण तेव्हा सामान उचलायची घाई होती.

तेव्हापासून घर मोठं झालंय. खोल्या दोनच आहेत, तरी मोठं झालंय. तिच्या खाटेवर आता डब्या, वायरी आणि मसाल्याचे डबे असतात. रिकामी खाट बघण्यापेक्षा ते बरं.

९ मार्च

धाकटीचा फोन. आधी इकडचं तिकडचं, मग म्हणाली, "ताई, ह्यांच्या गाडीची डबी गेलीय. तू बघशील का?"

"बघशील का म्हणजे? मी दुसरं करते काय?"

"मग पार्सलने पाठवते. ती नीट झाली की आम्ही गाडीवरच येतो तुझ्याकडे. दोन दिवस राहू."

लग्न झाल्यापासून ती एकदाही आलेली नाही. बसने का येत नाही असं विचारणार होते, तेवढ्यात आठवलं, बसमध्ये तिला मळमळतं. लहानपणी प्रत्येक प्रवासात पिशवी धरून कोण बसायचं? मीच. तेव्हा मोटरसायकलच बरी, वारा लागतो.

म्हणजे आता सगळं त्या डबीवर आहे. तिथे मात्र मी कोणाला हार जायची नाही.

१४ मार्च

पार्सल आलं. धाकटीच्या जुन्या निळ्या झग्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. झगा चांगला होता, अजून दोन वर्षं गेला असता. फोनवर तसं सांगितलंही तिला. "बरं ठेवते," म्हणाली. तिकडे आवाज नीट येत नसावा.

डबी सपशेल मेलेली. तिचाच केस वाळवायचा ड्रायर लावून मसाला मऊ केला आणि बारीक पटाशीने कोरत बसले. हे काम घाईचं नाही. पटाशी जरा खोल गेली की आतला भाग तुटतो आणि मग कोणालाच काही करता येत नाही. कपॅसिटर फुगलेला, एक डायोड जळून कोळसा. दोन्ही बदलले. मेहुण्यांनी गाडी पावसापाण्यात उघडी ठेवली असणार, वायरी जोडायच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. औषधांची व्हॅन चालवणारा माणूस, स्वतःच्या गाडीला एवढंही जपू नये?

१७ मार्च

आज ठिणगी बघितली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने दिलेलं इंजिनचं जुनं मॅग्नेट मी शिलाई मशीनच्या मोटरवर बसवलंय, ते फिरवलं की डबीला इंजिनमध्ये असल्यासारखंच वाटतं. निळी, जाड, टकटक करणारी ठिणगी. तासभर चालवली, वरून ड्रायरची गरम हवा मारली, तरी खंड नाही.

ठिणगी सुरू झाली की भिंतीपलीकडच्या आजोबांच्या रेडिओत खरखर होते आणि ते भिंतीवर काठी आपटतात. एखाद्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं असेल तर ते एवढंच. आज मीही उलट दोनदा वाजवलं. त्यांनी परत एकदा आपटलं. बरं वाटलं.

नवा मसाला ओतला. शेवटी पिना घासून त्यांना कथिलाची कल्हई केली. हे मी सगळं तपासून झाल्यावर, अगदी शेवटी करते. गरज नसते, पण माझ्या हातून गेलेली वस्तू तशी दिसली पाहिजे.

पार्सल पाठवलं. येताना नवी उशी घेतली आणि धाकटीची खाट मोकळी केली. मेहुणे बाहेरच्या खोलीत झोपतील. त्यांना लागेल ते पांघरूण देईन, माझ्यासमोर घोरू नये एवढंच.

२९ मार्च

दोन रविवार गेले. आज मीच फोन केला.

"ताई, चालते गं, पण पंधरा मिनिटांनी बंद पडते." धाकटीचा आवाज अगदी खाली होता. "गरम झाली की जात असेल."

"मी गरम करून बघितली होती."

"मग मला काय माहीत. पाठवते परत."

कारखान्यात माझी सही असलेला माल परत आला असं कधी झालं नाही. आणि आला तो हा, घरचाच. तिला फार विचारावंसंही वाटेना, आधीच बिचारी ओशाळली होती. विषय बदलावा म्हणून घराबद्दल विचारलं. पडदे घेतले म्हणाली. रंग कोणता, धुतल्यावर जातो का, खिडकी मोजून घेतले की अंदाजाने, असं मी विचारत होते तोवर ती म्हणाली, "दारावर कोणीतरी आलंय."

तिच्या दारावर माणसं फार येतात. चांगलं आहे.

खाटेवर पुन्हा डब्या ठेवल्या.

६ एप्रिल

डबी आली. झग्याचाच दुसरा तुकडा. सरळ ड्रायर लावला आणि माझाच मसाला मीच कोरून काढला. माझा मसाला कारखान्याच्यापेक्षा कडक निघाला, अंगठ्याला जखम झाली. आत बघते तर सगळे टाके जागच्या जागी. कपॅसिटर ठणठणीत. तरी सगळंच बदललं, ठिणगी सोडणारा भागसुद्धा. दोष दिसत नाही म्हणजे दोष नाही असं मानणारी मी नव्हे. तो लपलेला असतो, आणि मला त्याच गोष्टीची चीड आहे.

डोळे दुखतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल. वय झालंय आणि मला ते कळत नाहीये, असं तर नाही? हे इथे लिहिते, मिस्त्रीला सांगणार नाही.

११ एप्रिल

मेहुण्यांचा फोन आला, आपणहून. माणूस बोलायला मऊ आहे, हे कबूल करायला हवं.

"तुम्हीच या ना इकडे," म्हणाले. "बसने तीन तास तर लागतात. हिलाही बरं वाटेल."

मागून धाकटी काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "अहो, नाही का, मी आपलं सहज..."

मी म्हटलं, आधी धाकटीने म्हणू दे. मोठ्या बहिणीने असं परस्पर जाऊन उभं राहायचं म्हणजे बरं दिसत नाही. मग गाडीचं विचारलं, बंद पडते तेव्हा एकदम पडते की आचके देत? तर गडबडले. "गाडी? हां, गाडी... ते हीच सांगेल तुम्हाला." आणि फोन धाकटीकडे. एवढी व्हॅन चालवतात आणि स्वतःच्या गाडीचं धड सांगता येत नाही. पुरुषांना गाडी फक्त हाकायला येते.

"एकदम पडते," धाकटी म्हणाली.

१९ एप्रिल

डबी पाठवली. या वेळी अर्धा दिवस चालवून बघितली. आजोबांनी काठी आपटून आपटून शेवटी रेडिओच बंद केला.

पिनांची कल्हई अशी झालीय की त्यात तोंड बघावं.

खाट पुन्हा मोकळी केली. चादर बदलली. स्वतःला सांगितलं की ती तशीही धुवायलाच झाली होती.

२७ एप्रिल

शनिवारी येतील असं आपलं मला वाटलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. चार माणसांपुरतं करून बसले, का कोण जाणे. संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला की खिडकीशी. तो आवाज मला दुरून ओळखता येतो, जुन्या दोन स्ट्रोकचा, तडतड करणारा. गल्लीत अशा दोन गाड्या आहेत. दोन्ही गल्लीतल्याच.

आज उरलेलं संपवलं. सलग चार वेळा तेच जेवले. घरात बोलायला कोणी नसलं की जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज येतो. धाकटी असताना तो कधी ऐकला नव्हता, ती जेवताना फार बडबड करायची. मी तिला गप्प जेव म्हणायचे.

मला तिची फार आठवण येते. लिहून टाकलं.

४ मे

"पुन्हा तसंच, ताई."

धाकटीचा फोन. वर म्हणाली, "जाऊ दे ना आता. कशाला जिवाला लावून घेतेस?"

"पाठव," मी म्हटलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. माझं बहुतेक काम तोच आणतो. मला मॅडम म्हणतो. मॅडम म्हणू नका म्हटलं की "बरं मॅडम" म्हणतो. त्याला सगळं सांगितलं.

तो हातावरचं ग्रीस पुसत राहिला. "मॅडम, तुमची डबी माझ्याकडे कधी परत आली?"

"नाही आली."

"मग तिकडूनच कशी येते?"

"तेच तर विचारतेय."

"डबी उघडू नका आता. तशीच घेऊन या. मागे एक गाडी पडलीय तशीच, तिच्यावर चढवू. चालली तर डबी चांगली, रोग त्यांच्या गाडीत."

हे मला सुचायला हवं होतं. आधी गाडी, मग वायर, मग डबी, अशी तपासायची रीत आहे. घरचं माणूस म्हणालं डबी खराब, की मी सरळ पटाशी उचलली. परक्याचा शब्द मी असा कधीच धरला नसता.

१० मे

सकाळी पार्सल आलं. झग्याचा आणखी एक तुकडा, आता त्या झग्याचं काही उरलं नसेल. डबी हातात घेतली आणि मन जरा सुखावलं. पिना जशा पाठवल्या तशाच, आरशासारख्या. लोकांचं कथील महिन्याभरात काळवंडतं, माझं नाही. निदान तेवढं तरी माझ्या हातात राहिलंय.

मिस्त्रीकडे निघते.

१० मे, दुपारनंतर

डबी मिस्त्रीने त्या गाडीवर चढवली. दुसऱ्या किकला गाडी सुरू. अर्धा तास जागेवर चालवली, मग तो तिच्यावर बसून बाजारात जाऊन आला, मग चढावर नेली, मग उन्हात सुरूच ठेवून चहा प्यायला. इंजिनला हात लावता येईना, पण डबी आपली ठोके देतेय. मी स्टुलावर बसून ऐकत होते. एकही ठोका चुकला नाही. असं समाधान मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

"डबी सोळा आणे आहे," मिस्त्री म्हणाला. त्याने ती ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

पिनांवर ओरखडे होते. प्रत्येक पिनेवर दोन सरळ रेघा, नखाने काढाव्यात तशा. गाडीच्या वायरीचा सॉकेट घट्ट असतो, आतल्या पितळी पट्ट्या पिनेला धरतात आणि घासत आत जातात. एकदा जरी घातली तरी उमटणारच. कथील मऊ असतं.

सकाळी रेघा नव्हत्या.

मी डबी उन्हात धरून उलटसुलट बघितली. चष्मा पुसून बघितली. स्क्रूच्या भोकाभोवती मी लावलेला रंगसुद्धा शाबूत होता, तो फक्त मिस्त्रीच्या स्क्रूने आज खरवडला होता. ही डबी तिकडे कोणत्याही गाडीवर बसलेली नाही. पंधरा मिनिटं नाही, एक मिनिटही नाही. झग्यातून निघाली आणि झग्यात परत गेली.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. त्यांचं वायरिंगच खराब दिसतंय."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं," मी म्हणाले आणि घरी आले.

११ मे

काही काम केलं नाही.

१२ मे

सकाळपासून वाक्यं जुळवतेय. पिनांवर एक ओरखडा नाही, धाकटे. तू मला शिकवतेस? मी चांगल्या डबीचं पोट फाडलं तुझ्यासाठी. अंगठा बघ माझा. यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं, मी काय तुला दोरीने बांधून आणणार होते?

वाक्यं चांगली आहेत. त्यात चूक काढायला जागा नाही.

मग वाटलं, ती "नाही" का म्हणाली नसेल? सरळ म्हणता येण्यासारखा एक शब्द सोडून माणूस एवढी यातायात का करतं, झगा फाडतं, पार्सलच्या रांगेत उभं राहतं? खोटंच बोलायचं तर डबी हरवली म्हणायची. हिने दर वेळी ती परत पाठवली. म्हणजे माझ्याकडे यायचंही नाही आणि माझ्याशी तोडायचंही नाही. मला याहून पुढे काही समजत नाही. तिला मी लहानाची मोठी केली आणि मला समजत नाही.

रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे, बघायला कोण होतं?

१५ मे

मिस्त्री दोन डब्या देऊन गेला. आधी त्या उघडल्या नाहीत, गाड्याच आणायला सांगितल्या. एकीत डबी चांगली निघाली, किल्लीची वायर घासून फ्रेमला लागत होती, ठिणगी जायची ती तिथून. पटाशी लावली असती तर चांगली डबी मेली असती.

"तुमची ती घरची डबी?" जाताना त्याने विचारलं.

"आहे माझ्याकडे."

"वायरिंग केलं का त्यांनी?"

"करतील."

१८ मे

दुपारी धाकटीला फोन केला. सहा दिवस जुळवलेली वाक्यं तयार होती.

"ताई, डबीचं काय झालं?" तिनेच विचारलं. परीक्षेच्या निकालाला जाताना माझा हात धरून चालायची, तेव्हाचा आवाज.

पहिलं वाक्य ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "नाही गं जमत. हात टेकले मी."

"तू?"

"मीच. राहू दे ती माझ्याकडे. कधी जमली तर बघू. तुम्ही तिच्यावर अडून राहू नका."

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल असं मी कोणासमोर म्हटलेलं नाही. मग ती म्हणाली, "असू दे गं ताई. एवढं काय त्यात. तू मनाला लावून नको घेऊ. जेवतेस ना नीट?" ती मला समजावत होती. मला कोणी समजावलेलं आठवत नाही, मी ऐकत राहिले.

आणि मग ती बोलायला लागली. थांबेचना. तिच्या माळ्यावर मांजर व्यालंय आणि मेहुणे पिल्लांना बघायला दर तासाला शिडी चढतात. रोपवाटिकेत काम मिळालंय, पहिल्या दिवशी तिने तणाला पाणी घातलं आणि रोपं उपटली, मालकीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. मी हसले. रोपं कशी ओळखायची ते मला माहीत होतं, पण सांगितलं नाही. तीही हसत होती, जेवताना हसायची तशी, मध्येच श्वास अडकवून.

"आणि परवा मी गाडी शिकले, ताई. हे मागे बसले होते, नुसते क्लच क्लच ओरडत होते, मी म्हटलं गप्प बसा नाहीतर उतरा, आणि मग चौथा गिअर..."

ती थांबली.

डबी माझ्याकडे असताना ही कोणती गाडी, हे विचारायला मला एक क्षणही लागला नसता. आयुष्यभर दुसरं केलं काय मी? चूक समोर आली की बोट ठेवायचं, मग ती कोणाचीही असो. ती त्या बोटाचीच वाट बघत होती, हे मला फोनवरून दिसत होतं.

"कुठपर्यंत गेलीस?" मी विचारलं.

मागे मेहुण्यांनी काहीतरी विचारलं, तिने त्यांना थांबा म्हटलं.

"नाक्यापर्यंत," ती म्हणाली. "तुझ्याकडचा रस्ता फुटतो ना, तिथपर्यंत. तिथे जरा वेळ उभी राहिले. मग वळवली."

"पहिल्याच दिवशी तेवढं पुष्कळ झालं," मी म्हटलं.